माशांवरील उवा व नांगरकृमी : शेततळ्याच्या मालकांस चार शब्द

शेततळे ही वस्तू आता आपल्या वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवीन राहिलेली नाही. सन २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तेव्हापासून रिसोडपासून कारंजापर्यंत पुष्कळ शेतांत पाण्याचे चौकोन दिसू लागले आहेत. तळे खोदण्याचा मुख्य हेतू तुरीस व हरभऱ्यास अडीअडचणीचे एखादे पाणी मिळावे हा; परंतु पाणी साठले म्हणजे त्यात मासे सोडावे असे सहजच मनात येते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र गुरे पाळणाऱ्यास जशी गोचिडाची ओळख असावी लागते, तशी मासे पाळणाऱ्यास माशांच्या गोचिडाची ओळख असावी लागते. ती ओळख आपल्यापैकी बहुतेकांस नाही. आम्हांसही नव्हती, व तिची किंमत आम्ही दिली आहे. म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले.

आम्ही मत्स्यशास्त्राचे पंडित नव्हे. उभी नोकरी महसुलाच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात गेली. परंतु त्या नोकरीने एक सवय लावली, ती ही की, जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली ह्याची साखळी शेवटपर्यंत शोधल्याखेरीज नोंद करावयाची नाही. पुढे जे लिहिले आहे ते ह्याच सवयीने शोधून काढलेले आहे.

आमच्या हातून झालेली चूक

सेवानिवृत्तीनंतर आम्ही वडिलोपार्जित शेती पाहू लागलो. शेतात तीस मीटर लांब व तितकेच रुंद, प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे आहे. पहिल्या श्रावणात बीजकेंद्रातून रोहू, कटला व मृगळ ह्यांची बोटुकली आणून सोडली. ती उत्तम वाढली. पुढल्या वैशाखात गावाजवळचा पैनगंगेचा डोह आटत आला, व गुडघाभर पाण्यात मासे तडफडताना दिसू लागले. जीव वाचेल व तळ्यात भरही पडेल, अशा विचाराने आम्ही गड्यास बरोबर घेऊन दोन बादल्या भरून मासे तळ्यात आणून टाकले. दया व लोभ ह्या दोहोंचे समाधान एकाच वेळी झाले, म्हणून मनास बरेही वाटले.

आषाढ लागला तेव्हा तळ्यातील रोहू पाण्याबाहेर उड्या मारू लागले. काही मासे अस्तराच्या कडेला अंग घासत. खाद्य टाकले तरी ते पूर्वीसारखे वर येत ना. श्रावणात दररोज दोन-चार मासे मरून तरंगू लागले. हाती घेऊन पाहिले तर अंगावर लाल ठिपके, खवले सैल झालेले, आणि डोके मोठे पण धड वाळलेले. कोणी म्हणाले पाणी बिघडले, कोणी म्हणाले खाद्य बाधले. घरात सोयाबीनवर फवारावयाचे कीटकनाशक होते. ते घेऊन आम्ही तळ्याच्या काठापर्यंत गेलोही होतो. परंतु बैल ह्याच तळ्यावर पाणी पितात, अशी गड्याने आठवण दिली, म्हणून हात आवरला.

दुसरे दिवशी नदीवर मासेमारी करणारे एक वृद्ध भोई शेतावर आले. त्यांनी पांढरी थाळी मागितली, तीत पाणी घालून एक रोहू सोडला, व बोट दाखवून म्हणाले, “भाऊसाहेब, हा रोग नाही, हे ऊ हाय. आटल्या डोहातल्या मासोयीले असतेच.” थाळीतल्या पाण्यात तुरीच्या डाळीएवढे, चपटे, काचेसारखे पारदर्शक असे सात-आठ जीव माशाचे अंग सोडून फिरत होते. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, स्पष्ट दिसत होते. इतके दिवस आम्ही तळ्याच्या काठी बसून होतो, पण ते आमच्या दृष्टीस पडले नव्हते.

ह्या प्राण्यांचे कूळ कोणते

ही माशावरील ऊ आपल्या डोक्यातील उवेची बहीण नव्हे. डोक्यातील ऊ हा कीटक आहे. माशावरील ऊ ही झिंगे व खेकडे ज्या कवचधारी वर्गात येतात त्या वर्गातील आहे. शास्त्रात तिला आर्ग्युलस म्हणतात. तिच्या अनेक जाती आहेत. आपल्या देशात रोहू-कटल्याच्या तळ्यांत आढळणाऱ्या जातींपैकी आर्ग्युलस सियामेन्सिस व आर्ग्युलस जपॉनिकस ह्या दोन प्रमुख होत. पहिलीचे वर्णन सन १९२६ मध्ये सयाम देशातील नमुन्यांवरून झाले, म्हणून तिला ते नाव पडले.

हिची शरीररचना पाहण्यासारखी आहे. तोंडाजवळ पेल्याच्या आकाराचे दोन चोषक असतात, त्यांनी ती माशाच्या अंगास घट्ट चिकटते. त्या दोहोंमध्ये सुईसारखे एक बारीक टोक असते. ते कातडीत टोचून ती आत दाहक रस सोडते व रक्त आणि अंगरस शोषून घेते. पोहण्याकरिता पायांच्या चार जोड्या आहेत. त्यामुळे ती एका माशावरून दुसऱ्यावर खुशाल जाते. गोचिडास गवतावर वाट पाहत बसावे लागते. हिला तशी गरज नाही.

परंतु ह्या प्राण्याची एक गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. अंडी घालण्याकरिता मादीस मासा सोडावा लागतो. ती पाण्यातील दगड, लाकूड, पाणवनस्पती अथवा तळ्याचे अस्तर अशा टणक जागी जाऊन ओळीने अंडी चिकटविते. एका मादीची अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात. आपल्याकडील उन्हाळी पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत ती उबतात. बाहेर आलेल्या पिलास थोड्याच दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. सापडला तर कात टाकीत वाढते, व महिना-दीड महिन्यात स्वतः अंडी घालावयास योग्य होते. वैशाखात बादली ओतली व आषाढात मासे उड्या मारू लागले, ह्या दोहोंमधला काळ वाचकांनी ह्या हिशेबाशी ताडून पाहावा.

नांगरकृमी व कल्ल्यांवरील दाणे

ह्याच वर्गातील दुसरा शत्रू लर्निया. माशाच्या अंगातून सुतळीच्या तुटक्या धाग्यासारखे एक-दीड सेंटिमीटरचे काही लोंबताना दिसले, व त्याच्या टोकाशी दोन बारीक पिशव्या असल्या, तर तो हाच समजावा. त्याचे डोके माशाच्या मांसात रुतलेले असते, व त्यास जहाजाच्या नांगरासारखे फाटे फुटलेले असतात, म्हणून आम्ही त्यास नांगरकृमी म्हणतो. आपल्या शेतातील नांगर काम झाल्यावर निघतो. हा निघत नाही. ओढला तर धड तुटून हाती येते आणि नांगर आतच राहतो.

हा धाग्यासारखा दिसत असल्यामुळे प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस ह्याने सन १७५८ च्या आपल्या वर्गीकरणात त्यास कृमींत बसविले होते. पुढे त्याची पिले पाहिल्यावर खरे कूळ उमगले. त्याच्या अंड्यांतून एक ते तीन दिवसांत जी पिले निघतात ती लहान कवचधारी जलचरांसारखीच पोहतात. काही दिवसांनी ती माशांच्या कल्ल्यांत शिरतात व तेथे वाढतात. नर-मादीचा संयोग झाला की नर मरतो, आणि मादी माशाच्या अंगात डोके खुपसून रूप पालटते व धाग्यासारखी होते. पाणी पंचवीस ते तीस अंश उष्ण असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचे हे सारे चक्र सुमारे तीन आठवड्यांत पुरे होते. हा प्राणी माशांच्या जातीविषयी फारसा चोखंदळ नाही. तो अनेक जातींच्या माशांवर, इतकेच नव्हे तर बेडकांच्या पिलांवरही आढळलेला आहे. तळ्यात बेडूक आहेत म्हणजे त्याची सोय झाली, असे समजावे.

तिसरा एर्गॅसिलस. हा फार लहान. कल्ल्यावरचे झाकण उचलले असता आतल्या लाल झालरीवर खसखशीच्या दाण्यासारखे पांढरे कण चिकटलेले दिसले, तर बहुधा ह्याच्या मादीच्या अंड्यांच्या पिशव्या त्या. नर माशावर राहत नाही, मोकळ्या पाण्यातच राहतो. मादी आकड्यांनी कल्ल्यास धरून बसते व तेथील कोवळा भाग खाते. कल्ले म्हणजे माशाची फुप्फुसे होत. ती कुरतडली गेली की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

ह्या तिघांच्या दंशापेक्षाही त्यांनी केलेली जखम अधिक घातक ठरते. जखमेवाटे जंतू आत शिरतात, वर कापसासारखी बुरशी धरते, आणि मासा त्याने मरतो. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. माशाच्या अंगावरील प्रत्येक व्रण उवांमुळेच होतो असे नाही. सन १९८८ पासून आपल्या देशात पसरलेला व्रणांचा एक साथीचा रोग आहे, त्याचे मूळ कारण अॅफॅनोमायसिस नावाची बुरशीसारखी जात आहे. म्हणून डोळ्यांनी ऊ अथवा धागा दिसल्याखेरीज उवांचा निवाडा करू नये.

नदीत थोडे, तळ्यात फार, असे का

हे प्राणी नदीतही असतात, तर नदीतील मासे का मरत नाहीत, अशी शंका येणे साहजिक आहे. उत्तर सोपे आहे. वाहत्या, विस्तीर्ण पाण्यात मासे पांगलेले असतात. पोहत निघालेल्या दहा पिलांतील नऊ पिलांस मासा सापडत नाही. त्यामुळे एकेका माशावर दोन-चार उवा राहतात, व मासा त्या सोसतो. आपला धनी मरावा अशी उवेचीही इच्छा नसते. धनी मेला तर तिलाही दुसरे घर शोधावे लागते.

परंतु आपल्या जिल्ह्यातील नद्या बारमाही नाहीत. पैनगंगा काय, अडाण काय, अरुणावती काय, उन्हाळ्यात त्यांची साखळी तुटते व डोह उरतात. साऱ्या पात्रातील मासे त्या डोहांत कोंडले जातात, पाणी तापते, प्रवाह थांबतो, आणि जी पिले एरवी वाया गेली असती त्या प्रत्येकास मासा सापडतो. धरणांच्या संथ पाण्यातही पातळी खाली गेली की थोडाबहुत असाच प्रकार होतो. म्हणजे ज्या वैशाखात नदीतील मासे उचलून आणण्याचा मोह होतो, नेमक्या त्याच वैशाखात त्यांच्या अंगावर उवा सर्वांत जास्त असतात. पावसाळ्यात पूर आला की नदीतील दाटी मोडते. शेततळ्यास पूर येत नाही. तेथे दाटी बाराही महिने आपणच करून ठेवलेली असते, आणि रोहूसारखा उवांस विशेष बळी पडणारा मासा तीत असतो.

नुकसान किती होते ह्याचाही आकडा उपलब्ध आहे. ओडिशात भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी ह्या उवांमुळे मत्स्यतळ्यांचे होणारे नुकसान हेक्टरी दरसाल सुमारे २९,५०० रुपये धरले होते. आमचे तळे नऊ आर क्षेत्राचे. त्या मानाने आमचा वाटा सुमारे २,६५० रुपये होतो. आकडा लहान दिसतो. परंतु शेततळ्यातील माशांचे उत्पन्न तरी कितीसे असते? बोटुकली व खाद्य ह्यांचा खर्च वजा जाता जे उरावयाचे, त्यालाच हा खड्डा पडतो.

नारूपासून घ्यावयाचा धडा

आमच्या वयाच्या वाचकांस नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा किडा निघत असे, व तो काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. त्या किड्याची पिले सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात वाढत. पायऱ्यांच्या विहिरीचे न गाळलेले पाणी प्यायले की ते जलचर, आणि त्याबरोबर नारू, माणसाच्या पोटात जाई. हा सायक्लॉप्स आणि नांगरकृमी हे एकाच गोतावळ्यातील होत.

नारूवर औषध निघाले नाही, लसही निघाली नाही. तरीही देशातील शेवटचा रोगी सन १९९६ मध्ये नोंदला गेला, व सन २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. हे कशाने झाले? पाणी फडक्याने गाळणे, रोग्यास पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरी बुजवून रहाटाच्या व पंपाच्या करणे, अशा साध्या उपायांनी. किडा कोणत्या दाराने येतो व किती दिवस कोठे राहतो हे कळले, आणि ते दार बंद केले. माशांच्या उवांविषयी आमचे सांगणे एवढेच आहे. नदीतील व धरणातील उवा कोणासही काढता यावयाच्या नाहीत. परंतु त्या शेततळ्यात ज्या दाराने येतात ते दार आपल्याच हाताने उघडलेले असते, व ते आपणांस बंद करता येते.

करावयाचे उपाय

पहिला उपाय, नदी, नाला अथवा धरण येथील मासे शेततळ्यात सोडू नयेत. पूर्वी रोहू-कटल्याचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे, व त्याबरोबर नको ते प्राणीही येत. सन १९५७ च्या जुलै महिन्यात ओडिशात हिरालाल चौधरी ह्यांनी ह्या माशांचे प्रेरित प्रजनन साधले. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले, आणि नदीकडे जाण्याचे कारण उरले नाही. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याच गोष्टीची आठवण आहे. बीज विश्वासाच्या केंद्रातूनच घ्यावे, आणि घेताना पाच-पंचवीस बोटुकली पांढऱ्या थाळीत घालून स्वतः पाहावी. पर, गळ्याखालचा भाग व कल्ल्यांची झाकणे ही तीन ठिकाणे अवश्य पाहावी.

दुसरा उपाय, बाहेरून आणलेले बीज एकदम तळ्यात ओतू नये. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम साधे मीठ विरघळवून त्यात ते दोन-तीन मिनिटे ठेवावे. मासा कलंडू लागला तर त्याच क्षणी बाहेर काढावा. मिठाने अंगावरील उवा सुटतात. मांसात रुतलेला नांगरकृमी मात्र सुटत नाही. म्हणून शक्य असेल त्याने नवे मासे तीन आठवडे वेगळ्या टाक्यात ठेवावे. तीन आठवडे का, ते वर सांगितलेल्या हिशेबावरून कळेलच. नव्या गुरास आपण आठ दिवस वेगळे बांधतो, तसेच हे आहे.

तिसरा उपाय, ज्या तळ्यात उवा झाल्या ते उन्हाळ्यात पूर्ण कोरडे करावे. अंडी वाळली की मरतात. मातीच्या तळ्याचा तळ भेगा पडेपर्यंत तापू द्यावा. अस्तराच्या तळ्याच्या कडा ब्रशने घासून काढाव्या, कारण अंडी तेथेच चिकटलेली असतात. मातीच्या तळ्यास हेक्टरी दोनशे ते अडीचशे किलो चुना देण्याची सर्वसाधारण रीत आहे. परंतु आपली काळी जमीन मूळचीच चुनखडीची असते, म्हणून मातीची तपासणी केल्यावाचून चुना ओतू नये.

चौथा उपाय, आमच्या अनुभवाचा व सर्वांत स्वस्त. तळ्यात मासे असताना उवा दिसल्या तर जुन्या लाकडी फळ्या अथवा बांबूचे तुकडे दोरीने बांधून पाण्यात लोंबते ठेवावे. माद्या अंडी घालण्यास टणक जागा शोधीतच असतात. त्या पुष्कळ अंडी ह्या फळ्यांवर घालतात. दर आठ दिवसांनी फळ्या काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्या व पुन्हा सोडाव्या. अंडी उबण्यास दोन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याचा नेम चुकवू नये. ह्यासच जोड म्हणून मोठे मासे काढून दाटी कमी करावी. आम्ही श्रावणापासून दिवाळीपर्यंत हा नेम पाळला. सर्व उवा गेल्या असे म्हणवत नाही, परंतु मासे मरणे थांबले, व पुढील उन्हाळ्यात तळे वाळविल्यावर त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

विषाविषयी इशारा

आता ज्या डब्याचा वर उल्लेख केला त्याविषयी. पिकांवरील कीटकनाशकाने माशांवरील उवा मरतात हे खरे आहे, व म्हणूनच हा मोह मोठा आहे. परंतु ज्या मात्रेने ऊ मरते व ज्या मात्रेने मासा मरतो त्यांत अंतर थोडे असते. शेतातील पंपाच्या झाकणाने मोजून ते अंतर राखता येत नाही. शिवाय पाण्यातील निरुपद्रवी बारीक कवचधारी जलचरही त्याच विषाने मरतात, आणि कटला हा मासा मुख्यत्वे त्यांवरच जगतो. म्हणजे रोहूची ऊ मारताना कटल्याचे ताट उपडे होते. अंडी मात्र बहुधा वाचतात, व पंधरा दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

पूर्वी ह्या कामी ट्रायक्लोरफॉन व डायक्लोरव्हॉस ही औषधे सांगत असत. ऑगस्ट २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्या दोहोंवर देशात बंदी आलेली आहे. जुन्या पुस्तकात अथवा दुकानदाराच्या तोंडून ती नावे आली तर ती घेऊ नयेत. विषाचा हलगर्जीपणा काय करतो हे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने सन २०१७ च्या फवारणीच्या हंगामात पाहिले आहे. वीसहून अधिक शेतकरी व मजूर त्यात प्राणास मुकले. ज्या पाण्यावर बैल पितात, ज्याने हरभरा भिजतो व ज्यातील मासा आपण ताटात घेतो, त्यात ते विष आपल्या हाताने ओतणे शहाणपणाचे नव्हे. माशांच्या खाद्यातून देण्याची औषधे आहेत. परंतु ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यास अथवा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास विचारून, आणि औषध दिल्यावर किती दिवस मासा विकू नये हे नीट समजून घेऊनच वापरावी.

मासा खाणाऱ्यांची शंकाही येथेच दूर करतो. हे प्राणी माणसाच्या अंगावर अथवा पोटात राहत नाहीत. उवा काढून, मासा नीट साफ करून व शिजवून खाल्ला असता त्यांच्यापासून बाधा होत नाही. व्रण पडून सडू लागलेला अथवा आपोआप मेलेला मासा मात्र खाऊ नये व विकूही नये.

दोन खोरी व एक बादली

शेवटी एक गोष्ट. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेस पूर्णेला मिळते, व ते पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. अडाण व अरुणावती येथूनच निघून पैनगंगेस मिळतात, आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत पूर्वसमुद्रास पोहोचते. माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांत देशाच्या रुंदीचे अंतर पडते. पाण्यातील उवेस हा माथा ओलांडता येत नाही. तिला पाय आहेत, पण ते पोहण्याचे. नदीच्या पात्रापासून आमच्या शेतापर्यंतचा कोरडा चढसुद्धा तिला चढता आला नसता.

तो चढ ती आमच्या बादलीत बसून चढली. फेरफाराच्या वहीत देणारा, घेणारा व व्यवहाराचा दिवस अशी नोंद असते. ही नोंद आम्ही स्वतःच्या नावावर घालून घेतली आहे. शेतकरी बंधूंनी येत्या वैशाखात डोह आटू लागेल तेव्हा तिची आठवण ठेवावी, आणि बादली उचलण्यापूर्वी पांढरी थाळी उचलावी, एवढीच विनंती आहे.